पावसाळ्यात ‘मशीन उतरलं’: कॉक्लिअर इम्प्लांटच्या एका तक्रारीचा माग

बाई ४६ वर्षांच्या, चिपळूण भागात एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत काउंटरवर कामाला. तिशी उलटल्यावर दोन्ही कानांचं ऐकू येणं हळूहळू कमी होत गेलं. श्रवणयंत्रं बदलत बदलत शेवटी त्यांचाही उपयोग होईना, तेव्हा उजव्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसवलं. यात कानामागचा प्रोसेसर माइकनं आवाज टिपतो आणि केबलमधून कॉइलकडे पाठवतो. मॅग्नेटनं डोक्याला चिकटलेली कॉइल तो कातडीखालच्या इम्प्लांटला देते, आणि इम्प्लांटचे इलेक्ट्रोड ऐकण्याच्या नसेला करंट देतात. डाव्या कानाला अजून श्रवणयंत्र आहे. ऑपरेशन ऑक्टोबरात झालं, तीन आठवड्यांनी स्विच-ऑन, म्हणजे यंत्र पहिल्यांदा चालू केलं. मे महिन्यातल्या तपासणीत शांत खोलीत ओठ न बघता वाक्यं लागत होती आणि घरच्यांशी फोनही जमत होता. जुलैत त्या आल्या त्या एकच मागणी घेऊन: ‘मशीन उतरलंय. आवाज येतो, पण शब्द लागत नाहीत. मॅपिंग वाढवून द्या.’

या बाई म्हणजे कुणी एक व्यक्ती नाही. पावसाळ्यात अशाच तक्रारी घेऊन येणाऱ्या प्रौढांचे तपशील एकत्र करून हे प्रकरण बांधलं आहे. आकडेही अशा तक्रारीत सहसा दिसतात तेच घेतले आहेत.

मॅपिंग वाढवलं नाही. या प्रकरणातला सगळ्यात कामाचा निर्णय तोच. मॅप म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडला किती करंट दिला की जेमतेम ऐकू येतं आणि किती दिला की मोठं पण सोसवेल असं वाटतं, या दोन पातळ्यांची नोंद. माइक बुजलेला असताना या पातळ्या चढवल्या तर त्या दिवशी बरं वाटतं. पुढे कधीतरी माइक मोकळा झाला की स्वयंपाकघरात ताट पडलं तरी प्रोसेसर ओढून काढावासा वाटतो, आणि मग ‘मॅपिंग चुकलं’ म्हणून दुसरी फेरी. शिवाय आतला इम्प्लांट बिघडणं विरळाच. रोज घाम, पाऊस, तेल आणि ओढाताण सोसतात ते बाहेरचे भाग. म्हणून तपासणी बाहेरून आत करत जायची, एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

विचारपूस

यंत्र हातात घ्यायच्या आधी चार गोष्टी विचारल्या: एकदम झालं की हळूहळू, शांततेत त्रास होतो की गोंगाटात, दिवसभर की ठरावीक वेळी, आणि आवाज कमी येतो की मधेच तुटतो. बाईंना पहिल्याच प्रश्नाचं उत्तर देताना वेळ लागला, आणि त्यात नवल नाही. आवाज रोज थोडाथोडा बारीक होत असेल तर मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. घरच्यांच्या ते आधी लक्षात येतं. इथे मुलीच्या आलं: आई ‘सात’ला ‘हात’ ऐकते, ‘शाळा’ आणि ‘काळा’ यांत गल्लत करते, आणि हे जूनच्या मध्यापासून वाढत गेलं.

पुढची उत्तरं अशी. सकाळी घरी बरंच ठीक असतं, शाखेत वाईट. दुपारनंतर आवाज मधेच जातो आणि येतो. शेजारच्या दुकानाचं शटर धाडकन खाली आलं की क्षणभर सगळं बंद. आणि मान डावीकडे वळवली की कधीकधी खरखर.

एका तक्रारीत इथे तीन-चार वेगवेगळे बिघाड दडले होते. हळूहळू जाणारे ‘स’ आणि ‘श’ माइककडे बोट दाखवतात. मोठ्या आवाजाला बंद पडणं हे बहुतेक वेळा सेलचं काम: आवाज मोठा झाला की इलेक्ट्रोडना जास्त करंट द्यावा लागतो, सेल अशक्त असेल तर नेमका त्याच क्षणी त्याचा व्होल्टेज बसतो. मान वळवल्यावर होणारी खरखर म्हणजे केबल. आणि ‘घरी बरं, शाखेत वाईट’ यात यंत्राचा वाटा किती आणि शाखेचा किती, हे वेगळं काढावं लागणार होतं.

माइक

कानामागे लावायच्या बहुतेक प्रोसेसरना दोन माइक असतात, एक पुढे आणि एक किंचित मागे. दोन्हीकडे आवाज पोचायला लागणाऱ्या वेळातल्या बारीकशा फरकावरून प्रोसेसर समोरचा आवाज ठेवतो आणि मागचा दाबतो. हा हिशेब दोन्ही माइक सारखे असतील तरच जमतो. एक बुजला की समोर-मागे वेगळं करणं संपतं, पण शांत खोलीत ते कळतच नाही, कारण दुसरा माइक काम करत असतो. त्यामुळे ‘शांततेत बरं, गोंगाटात नाही’ ही तक्रार कानावर आली की आधी माइकची झाकणं पाहायची, संगणक नंतर.

या बाईंच्या प्रोसेसरवर स्विच-ऑनच्या वेळची झाकणं आठ महिने तशीच होती. नवी पाकिटं कपाटात, प्रोसेसरच्या मोठ्या खोक्यात न फोडलेली. जुनं झाकण उचलून भिंगाखाली धरलं तर आतल्या बाजूला पिवळसर चिकट थर, त्यात पावडर आणि धूळ बसलेली. पिवळा थर खोबरेल तेलाचा. त्या रोज सकाळी केसांना तेल लावून, अंबाडा घालून, लगेच प्रोसेसर चढवत. झाकणातला पातळ पडदा पाण्याला अडवतो, तेलाला नाही. तेल त्यात मुरतं, वर धूळ चिकटते, आणि आधी बारीक फ्रिक्वेन्सीचे आवाज जातात. ‘स’ची बरीचशी ताकद ४००० हर्ट्‌झच्या वर असते, म्हणून तो पहिला गळतो. ‘म’ आणि ‘ऊ’ खालच्या पट्टीतले, ते शेवटपर्यंत ऐकू येतात आणि ‘यंत्र चालू आहे’ असा भास टिकवतात.

झाकणं साधारण तीन महिन्यांनी बदलायची असतात. कोकणातल्या जून ते सप्टेंबरात आम्ही दीड महिना सांगतो. बदलताना हात धुऊन कोरडे करावेत, प्रोसेसर बंद करून सेल काढावेत, खाली पांढरं फडकं अंथरावं, म्हणजे सुटलेला बारीक भाग हरवत नाही. झाकण ठरलेल्या कडेनंच उचलायचं. कुठली कड ते मॉडेलप्रमाणे बदलतं, पुस्तिकेतलं चित्र समोर ठेवावं. उघड्या माइकला बोट लावायचं नाही, टाचणी घालायची नाही, स्पिरिट लावायचं नाही, आणि तोंडानं फुंकर तर अजिबात मारायची नाही, कारण फुंकरीतही ओलावा असतो. प्रोसेसर उलटा धरून कोरड्या मऊ ब्रशनं धूळ खाली पाडायची. झाकणं नेहमी एकदम सगळी बदलायची. एकच बदललं तर दोन माइक पुन्हा असमान होतात आणि दुखणं जागच्या जागी राहतं.

तेल बंद करा असं सांगून उपयोग नसतो, ते कुणी ऐकत नाही आणि गरजही नाही. तेल रात्री, प्रोसेसर काढल्यावर लावावं, सकाळी न्हावं, केस कोरडे झाल्यावरच प्रोसेसर चढवावा. हेअर ड्रायर आणि पावडर-स्प्रे हे सगळं आधी उरकून मग यंत्र.

कोरडं ठेवायचा डबा

डबा बाईंकडे होता आणि त्या रोज रात्री न चुकता त्यात प्रोसेसर ठेवत होत्या. तरी ओल आत होती. कारण सिलिका जेलचे दाणे कधीच भिजून गेले होते. या प्रकारचे दाणे कोरडे असताना नारिंगी आणि ओल धरल्यावर हिरवट होतात (काही जातींत निळ्याचे गुलाबी). त्यांचे जूनपासून हिरवेच होते. भरलेले दाणे आणि बंद झाकण म्हणजे प्रोसेसर रात्रभर दमट हवेतच बसतो. त्यातून डबा ओट्याजवळच्या फळीवर, जिथे कुकरची वाफ जाते.

डबा झोपायच्या खोलीत हलवला. दाणे दर आठवड्याला पाहायचे, रंग बदलला की बदलायचे किंवा ज्या प्रकारात चालतं त्यात पुस्तिकेप्रमाणे तापवून कोरडे करायचे. पंख्यानं ऊबदार हवा फिरवणारं विजेचं ड्रायर मशीन दमट भागात जास्त चांगलं, पण त्यातली ओल शोषणारी विटकर दोन महिन्यांनी बदलावी लागते, आणि जुलैत रात्रभर वीज राहील याची खात्री नाही. म्हणून कोकणात दोन्ही ठेवावीत. मोबाइल भिजल्यावर करतात तसा तांदळाच्या डब्यात प्रोसेसर ठेवू नये. तांदळाची पिठी माइकच्या भोकांत जाते. उन्हात, इस्त्रीजवळ, फ्रीजच्या मागे, हेही नको.

डब्यात ठेवताना सेल बाहेर काढायचे की नाही, यावर नेहमी गोंधळ होतो. वापरून फेकायचे झिंक-एअर सेल बाहेरच ठेवावेत. डब्यात ते सुकतात आणि लवकर मरतात. त्यांच्या खोबणीचं दार मात्र उघडं ठेवून प्रोसेसर आत ठेवावा, घामाचा ओलावा तिथेच साठतो.

सेल

बाईंचा प्रोसेसर दोन झिंक-एअर सेलवर चालतो, ६७५ नंबरचे. सुरुवातीला कंपनीकडून आलेले संपल्यावर त्यांनी गावातल्या मेडिकलमधून ६७५ च आणले, आणि दुकानदारानं दिले ते श्रवणयंत्राचे. आकार तोच, नंबर तोच, किंमत कमी. पण इम्प्लांटला लागणारा करंट बराच जास्त असतो, त्यासाठीचे ६७५ सेल वेगळे बनवतात आणि पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. साध्या सेलवर प्रोसेसर सकाळी सुरू होतो, दुपारी अडखळतो. दुपारनंतरच्या तुटक्या आवाजाचं मुख्य कारण हेच.

दुसरं कारण काटकसर. दोनपैकी एक सेल ‘अजून चालेल’ म्हणून ठेवून त्याच्या जोडीला नवा घालायच्या. जोडी कमजोर सेलपुरतीच चालते, नवा फुकट जातो. आणि रात्री सेलच्या भोकांवर स्टिकर परत चिकटवायच्या, म्हणजे वाचेल. झिंक-एअर सेल स्टिकर काढल्यावर हवा घेऊन जागा होतो. एकदा जागा झाला की स्टिकरनं तो झोपत नाही. स्टिकर काढल्यावर मात्र मिनिटभर तसाच उघडा ठेवून मग बसवला तर सुरुवात नीट होते, आणि हे फार कमी लोक करतात.

पावसाळ्यात याच सेलना आणखी एक जाच. त्यांना हवा लागते, म्हणून खोबणीच्या दाराला बारीक भोकं असतात, आणि तिथूनच दमट हवा आणि घामही शिरतो. भोकांवर पाण्याचा थेंब बसला तरी सेल गुदमरतो. रिचार्ज होणारी बॅटरी बंद असते, तिला ही अडचण नाही. बऱ्याच मॉडेलमध्ये पाण्यापासूनचं संरक्षणही रिचार्जेबल बॅटरी लावल्यावरच पूर्ण मिळतं. बाईंकडे ती आलेली होती, ‘जपून’ ठेवलेली. आता दिवसभर रिचार्जेबल, आणि वीज गेली तर झिंक-एअर, असा क्रम ठरला. खर्चाचाही हिशेब करून दाखवला: दोन दिवसांना दोन सेल धरले तरी वर्षाला ३६५ सेल.

केबल आणि कॉइल

माइक आणि सेल झाल्यावर केबल. प्रोसेसर चालू ठेवून केबल दोन्ही टोकांना हलकेच वाकवली. कॉइलकडच्या टोकाशी आवाज गेला. बाहेरून काही दिसत नव्हतं. आतली तार सहसा इथेच तुटते, कारण कॉइल काढताना लोक कॉइल न धरता केबल धरून ओढतात. नवी केबल लावली, खरखर थांबली.

कॉइल स्वतः ठीक होती, पण ती बसत होती अंबाड्याच्या कडेवर, केसांच्या जाड थरावर. कॉइल आणि आतला भाग यांच्यात अंतर वाढलं की सिग्नल आणि वीज दोन्ही पोचवायला जास्त ताकद लागते, बॅटरी लवकर उतरते. पावसात रेनकोटची टोपी ओढली की कॉइल सरकायची. यावर पहिला विचार येतो तो जास्त जोराचं मॅग्नेट मागण्याचा. तो टाळला. जोराच्या मॅग्नेटनं कातडी दबून लाल होते, आणि आत इम्प्लांट असलेल्या जागी जखम झाली तर ते महागात पडतं. त्याऐवजी कॉइलच्या जागेचे केस आतून थोडे कमी केले, अंबाडा खाली आणला, टोपीऐवजी छत्री. रविवारी मुलीनं मोबाइलवर त्या जागेचा फोटो काढायचा. लाली काढल्यावर तासाभरात गेली नाही तर मॅग्नेट एक पायरी कमी करायचं.

हेल्मेटचाही प्रश्न होता, कारण त्या नवऱ्याच्या मागे स्कूटरवर बसून शाखेत जातात. हेल्मेट घालताना कॉइल निघते, प्रोसेसर कानावरून उडतो, रस्त्यात पडतो. आतलं मऊ अस्तर त्या जागी बदलता येतं, पण त्याखालचा थर्माकोलसारखा जाड थर कधीही कोरायचा नाही. डोकं वाचवतो तो तोच. मागे बसणाऱ्याला सोपा उपाय म्हणजे प्रोसेसर काढून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवणं, हेल्मेट घालणं, पोचल्यावर लावणं. दहा मिनिटं ऐकू आलं नाही तर काही बिघडत नाही.

खोलीतली तपासणी

एवढं झाल्यावर सहा आवाजांची चाचणी घेतली: म, ऊ, आ, ई, श, स. बोलणाऱ्यानं बाजूला किंवा मागे उभं राहायचं, हातानं तोंड झाकायचं नाही, कारण हातामुळे ‘स’ दबतो आणि चाचणी खोटी ठरते. एक मीटरवरून, मग तीन मीटरवरून, क्रम बदलत. ‘ऐकू आलं का’ असं न विचारता ऐकलेला आवाज परत म्हणायला सांगायचा. जुनी झाकणं असताना बाईंना एक मीटरवरून ‘स’ लागत नव्हता आणि ‘श’ ‘ह’सारखा येत होता. नवी झाकणं लावल्यावर तीन मीटरवरून सहाही लागले.

ध्वनिरोधक खोलीतही तेच दिसलं. ४००० हर्ट्‌झला ४५ डेसिबलवर गेलेली पातळी ३० वर परत आली, मे महिन्यात होती तिथेच. मग संगणकाला जोडून इलेक्ट्रोडचे इम्पीडन्स, म्हणजे करंटला होणारा विरोध, मोजले. मेच्या आकड्यांशी ताडून पाहिलं, कुठे तुटलेलं सर्किट नाही, कुठे शॉर्ट नाही. आतलं सगळं जागेवर. मॅपला हात लावला नाही.

एक गोष्ट मात्र संगणकावर सापडली. बाईंनी जूनपासून आवाज आणि सेन्सिटिव्हिटी दोन्ही वर नेऊन ठेवले होते. या दोन्हीत फरक आहे. आवाज वाढवला की ऐकू येणारं मोठं होतं. सेन्सिटिव्हिटी वाढवली की माइक आणखी दूरचे, आणखी बारीक आवाज गोळा करायला लागतो. पावसात याचा उलटा परिणाम होतो: पत्र्याचा धबाबा आत शिरतो, तो मोठा म्हणून प्रोसेसर सगळाच आवाज आपोआप दाबतो, आणि त्यात समोरच्याचं बोलणंही दबतं. गोंगाटात सेन्सिटिव्हिटी खाली आणायची. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही, करून पाहिल्यावर पटतं.

डाव्या श्रवणयंत्राच्या, कानात बसणाऱ्या साच्याच्या नळीत पाण्याचे थेंब जमले होते. नळी बदलली, फुग्यानं हवा मारून रोज कोरडी करायला सांगितलं.

काउंटर

यंत्र पूर्ववत झालं तरी शाखा तीच राहणार होती. काउंटरच्या खिडकीबाहेर पत्र्याची पडवी, तिच्यावर कोकणचा पाऊस. या भागात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडतो आणि बहुतेक चार महिन्यांतच. डोक्यावर पंखा, मधे काच, ग्राहक काचेच्या पलीकडे सव्वा मीटरवर. सामान्य कानाला बोलणं आणि गोंगाट बरोबरीचे असले तरी निभावतं. इम्प्लांटवर ऐकणाऱ्याला बोलणं गोंगाटापेक्षा १०-१५ डेसिबलनं वर असावं लागतं. एवढी तफावत मॅपिंगनं भरून निघत नाही. तोंड आणि माइक यांतलं अंतर कमी करणं हाच खरा उपाय.

अंतर निम्मं झालं की आवाज सुमारे ६ डेसिबल वाढतो. १२० सेंटीमीटरवरून १५ वर आणलं तर तीनदा निम्मं, म्हणजे १८ डेसिबल. बंद खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे प्रत्यक्षात थोडे कमी. म्हणून प्रोसेसरच्याच कंपनीचा छोटा वायरलेस माइक काचेच्या पलीकडे, ग्राहकाच्या तोंडासमोर, छोट्या स्टँडवर ठेवला. काचेलाही त्यातून बगल मिळाली. सेटिंगमध्ये माइकचा आवाज वर आणि प्रोसेसरचा स्वतःचा थोडा खाली ठेवला, पण बंद केला नाही, नाहीतर शेजारची सहकारी हाक मारते तेव्हा कळत नाही. माइक काही रेकॉर्ड करत नाही, हे लिहिलेली एक पट्टी स्टँडवर लावली. ग्राहक ते विचारतातच. बैठकीत हाच माइक टेबलाच्या मधोमध न ठेवता बोलणाऱ्याच्या हातात द्यायचा.

खुर्ची अशी फिरवली की उजवा कान ग्राहकाकडे आणि पाठ भिंतीला. खिडकी आता डाव्या हाताला, मागे.

तरीही आकडे चुकतात, आणि बँकेत आकडा चुकणं म्हणजे काय ते सांगायला नको. मराठीत त्रेपन्न आणि छप्पन्न, एकसष्ट आणि एकाहत्तर, सात, आठ आणि साठ हे इम्प्लांटवर फार जवळ येतात, कारण फरक करणारा भाग छोटा आणि बारीक आवाजातला. त्यामुळे ‘काय म्हणालात?’ असं विचारण्यात अर्थ नाही. ग्राहक तोच शब्द, तसाच, फक्त ओरडून म्हणतो आणि ओरडल्यानं ओठांचा आकारही बिघडतो. त्याऐवजी ऐकलेलं सांगून एकेक अंक विचारायचा: ‘त्रेपन्न हजार ना? पाच, तीन?’ चुकलं असेल तर ग्राहक ‘नाही, पाच, सहा’ म्हणतो, आणि ‘तीन’ आणि ‘सहा’ यांत गल्लत होत नाही. मोठी रक्कम आणि खाते क्रमांक स्लिपवरच, हा नियम तर कुणालाही चांगला.

मोबाइलवर बोलणं लिहून दाखवणारं गुगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब मराठीतही चालतं. बैठकीत, डॉक्टरकडे, लग्नाच्या बोलणीत त्याचा उपयोग करावा. काउंटरवर नको: ग्राहकाची खात्याची माहिती खासगी फोनच्या पडद्यावर उमटवणं बरं नाही.

हे सगळं शाखाधिकाऱ्यांना तोंडी सांगून चालतं तोवर ठीक, बदली झाली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून लेखी अर्ज दिला. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २० प्रमाणे शासकीय आस्थापनांनी दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयी करून द्यायच्या असतात, आणि राष्ट्रीयीकृत बँक त्यात येते. अर्जात ‘सहकार्य व्हावे’ असं न लिहिता तीन ओळी लिहिल्या: कोणती खुर्ची, कोणता माइक, बैठकीचा अजेंडा आदल्या दिवशी लेखी. मागणी इतकी नेमकी असली की नाकारायला कारण सापडत नाही.

घर आणि रात्र

घरी मोठा त्रास सासूबाईंचा, म्हणजे त्यांच्या सवयीचा: स्वयंपाकघरातून, कुकर चालू असताना, पाठमोऱ्या बोलतात. सगळ्या घराला एकच गोष्ट सांगितली. आधी नाव घ्या, त्या वळून बघेपर्यंत थांबा, मग बोला. टीव्हीचा आवाज थेट प्रोसेसरमध्ये घेता येतो. तसं केलं की बाकीच्यांना तो हवा तेवढा बारीक ठेवता येतो.

रात्री प्रोसेसर डब्यात गेला की बाईंना काहीच ऐकू येत नाही. उशीखाली थरथरणारं घड्याळ, दाराच्या घंटेला जोडलेला लुकलुकणारा दिवा, एवढं बहुतेकांना माहीत असतं. वीज जाते तेव्हाचं कुणी सांगत नाही: अंधारात ओठही दिसत नाहीत, घंटेचा दिवाही लागत नाही. उशाशी टॉर्च हवा, आणि तो घरच्यांनी स्वतःच्या तोंडावर धरून बोलायचं. पूर येणाऱ्या गावात जुलै-ऑगस्टच्या रात्री प्रोसेसरचा डबा उंच फळीवर नाही, हाताशी हवा.

कपाटात काय असावं

घाट बंद झाला की कुरिअर अडकतं. म्हणून मे संपायच्या आत घरात एक जादा केबल, एक जादा कॉइल, माइकच्या झाकणांची दोन पाकिटं, सिलिका जेल आणि महिन्याचे इम्प्लांटचे सेल आणून ठेवायचे. हे सगळं खर्चिक आहे. मुंबईच्या अली यावर जंग संस्थेमार्फत चालणारी एडिप योजना (दिव्यांगांना उपकरणं देणारी केंद्र सरकारची योजना) इम्प्लांटसाठी लहान मुलांपुरती आहे, प्रौढांना सुटे भाग स्वतःच घ्यावे लागतात. प्रोसेसरची वॉरंटी साधारण ३ ते ५ वर्षांची. ती संपायची तारीख कॅलेंडरवर लिहून त्याआधी एकदा पूर्ण तपासणी करून घ्यावी, विमा असेल तर त्यात पाण्यानं झालेलं नुकसान धरलंय का ते वाचावं.

इम्प्लांटचं कार्ड पर्समध्ये. बाईंचा गुडघा दुखतो आणि एमआरआय सांगितला होता. गुडघ्याचा असला तरी डोक्यातलं मॅग्नेट त्याच यंत्राच्या क्षेत्रात जातं. काही मॉडेलना १.५ टेस्लापर्यंत डोकं घट्ट बांधून चालतं, काही नव्या मॉडेलना ३ टेस्लाही चालतं, काहींत मॅग्नेट आधी काढावं लागतं. कार्डावरचा मॉडेल नंबर एमआरआय विभागाला आणि इम्प्लांटच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय वेळ घ्यायची नाही. बाहेरचा प्रोसेसर तर त्या खोलीत जाताच कामा नये.

कधी थांबायचं नाही

वरची सगळी वाट हळूहळू उतरणाऱ्या आवाजासाठी. आवाज एकदम गेला आणि सेल, केबल, कॉइल बदलूनही आला नाही. डोक्याला मार लागला. ऐकताना झटका बसतो, फटफट असा आवाज येतो किंवा चेहऱ्याचा स्नायू उडतो. कॉइलखाली सूज, दुखणं, पू. इम्प्लांटच्या कानात दुखून ताप आला. यांपैकी काहीही झालं तर दवाखाना त्याच दिवशी. ताप, डोकेदुखी आणि मान आखडणं एकत्र असेल तर तासांचा प्रश्न आहे, कारण इम्प्लांट असलेल्यांना मेनिंजायटिसचा (मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाचा) धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो. तो आजार करू शकणाऱ्या न्यूमोकोकस या जंतूची लस घेतली आहे का, हे बाईंच्या फाइलमध्ये लिहिलेलं नव्हतं. ते विचारून लिहिलं.

सप्टेंबर

दोन महिन्यांनी बाई परत आल्या तेव्हा झाकणं एकदा बदलून झाली होती, आवाज तुटत नव्हता, ४००० हर्ट्‌झची पातळी ३० वर टिकून होती. काउंटरवर माइक रोज लागतो. शनिवारच्या गर्दीत त्या अजूनही थकतात आणि दुपारी अर्धा तास प्रोसेसर काढून बसतात. त्याला उपाय म्हणून काही दिलं नाही, ती विश्रांती योग्यच आहे. आवाज कुठल्या बाजूनं आला हे अजून कळत नाही, त्यामुळे रस्ता ओलांडताना दोन्हीकडे डोळ्यांनीच बघावं लागतं. डाव्या कानाला दुसरं इम्प्लांट करायचं का, हा प्रश्न त्यांनी काढला. डाव्या कानाची श्रवणयंत्रासह वेगळी चाचणी घेतल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही. ती ऑक्टोबरात ठेवली आहे, पाऊस संपल्यावर, नळी कोरडी असताना.